सात अठ्ठावन्नची चिठ्ठी

नऊ पिनांच्या केबलला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एक हरवला तरी चालतं.

*

भोपळ्याच्या सुपात मीठ नको. लिंबू पिळा. तेही नको असेल तर नुसतं कोमट द्या, पण द्या.

*

पाटी, पिवळ्यावर काळी अक्षरं : आधी चिठ्ठी बघा, मग गाडी चढवा.

*

वेळ ०७:५८. गाडी नंबर, रिकामं. माल, रिकामं. वजन ५८.४.

*

स्टेशनसमोरच्या मेडिकलमध्ये उलटीची गोळी दहाच्या पाकिटातच मिळते. सुट्या दोन मागितल्या की दुकानदार नुसती मान हलवतो.

*

कॉम्प्युटर चालू झाला की काही कामं तो कुणी न सांगता करतो. त्या कामांची यादी कुठे असते हे बहुतेकांना माहीत नसतं.

*

ही शेवटची ओळ माझ्या धंद्याची आहे. तिथूनच सांगते.

श्रीरामपूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळांची, दवाखान्यांची, दूध संकलन केंद्रांची जुनी मशीनं माझ्याकडे येतात. 'मॅडम, सुरू व्हायला अर्धा तास घेतंय' ही नेहमीची तक्रार. त्याचं कारण ती यादी. मशीन सुरू होताना आपोआप काय काय चालवायचं हे तिच्यात लिहिलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तिच्यात भर पडत जाते. कुणी कधीतरी काहीतरी टाकलेलं असतं, टाकणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि ते काम रोज सकाळी चालूच असतं. मी ती यादी साफ करते. कधी कधी गिऱ्हाईक सांगतं म्हणून तिच्यात आपली एखादी स्क्रिप्ट घालते. स्क्रिप्ट म्हणजे दहा-पंधरा ओळींच्या सूचना, एकाखाली एक.

आसाराम वाबळ्यांच्या काट्यावरची स्क्रिप्ट मी घातलेली. चौदा ओळींची.

त्यांचा वजनकाटा कोपरगावच्या रस्त्याला, कालव्याच्या पुलाच्या अलीकडे आहे. जमिनीलगत लोखंडी पाट, त्याखाली हातभर खोल खड्डा, शेजारी पत्र्याची केबिन. हंगामात ऊस कारखान्यावर जायच्या आधी आसपासचे शेतकरी ट्रॉली इथे मोजतात. कारखाना काय वजन दाखवेल ते दाखवेल, आपल्या खिशात आपला एक कागद असावा म्हणून. त्यामुळे हा काटा निव्वळ विश्वासावर चालतो. आसारामदादांनी त्यासाठी एक रीत पाडली होती. सकाळी पहिली गाडी चढायच्या आधी रिकाम्या काट्याची एक चिठ्ठी छापायची. तिच्यावर शून्य असायला हवं. ती चिठ्ठी केबिनच्या खिडकीबाहेरच्या तारेत टोचून ठेवायची. येणारा प्रत्येक जण आधी तारेकडे बघायचा, मग ट्रॅक्टर पुढे घ्यायचा.

दादांना कॉम्प्युटरची भीती वाटत नसे, पण कंटाळा येई. चिठ्ठी छापायची राहून जाई आणि लोक अडून बसत. म्हणून ते दुकानात आले, स्टुलावर बसले आणि मला म्हणाले की ताई, मी बटन दाबलं की त्यानं आपलं आपण छापावं, मला विचारू नये. मी तसं केलं. मशीन सुरू होणार, दोन मिनिटं थांबणार, काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्याकडून केबलमधून आकडा घेणार, चिठ्ठी छापणार. दादा सात पंचावन्नला बटन दाबत. सात अठ्ठावन्नला चिठ्ठी बाहेर येई. शून्य. दोन वर्षं रोज शून्य.

*

डिसेंबरात एके सकाळी त्यांचा फोन आला. चिठ्ठीवर वजन येतंय म्हणाले. मी विचारलं किती, तर अठ्ठावन्न काहीतरी.

मला त्या दिवशी वेळ नव्हता. खरं तर त्या महिन्यात कुठल्याच दिवशी नव्हता. माझ्या नवऱ्याला, सुश्रुतला, दिवाळीनंतर पोटाचा कॅन्सर निघाला होता. तो इथल्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दर तीन आठवड्यांनी नगरच्या एका हॉस्पिटलात केमोचं सलाईन, अशी एकूण चार ठरली होती. पहिलं होऊन आठवडा झाला होता. माझी सकाळ तेव्हा अशी होती :

उठणे.
पाणी कोमट करणे.
पहिली गोळी, उपाशीपोटी.
अर्धा तास थांबणे.
सूप. नाही म्हणाला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा विचारणे.
बादली पलंगाजवळ आहे का बघणे.
दुसरी गोळी.
दुकान.

कुणी मला हे सांगत नव्हतं. डोळे उघडले की ते सुरू व्हायचं आणि संपेपर्यंत मी त्यात कुठे नसायचे.

सुश्रुत मात्र तेव्हाही चेष्टा करायचा. "नीलू, तू आता नर्ससारखी चालायला लागलीस. चप्पलसुद्धा वाजत नाही तुझी." घरातला वजनाचा काटा त्यानं पहिल्याच आठवड्यात उचलून माळ्यावर टाकला होता. रोज उठून मार्क बघायला मी काय विद्यार्थी आहे का, म्हणाला. मीही तो परत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादांच्या काट्यावर गेले. चिठ्ठी हातात घेतली. ५८.४.

मला पहिल्यांदा खटकला तो दशांश. ट्रक मोजायचा काटा किलो-किलोनं मोजत नाही. हा पाचच्या पायरीनं मोजतो : शून्य, पाच, दहा, पंधरा. अठ्ठावन्न हा आकडा त्याला दाखवताच येत नाही, अठ्ठावन्न पूर्णांक चार तर नाहीच. आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये दशांशाला जागाच नव्हती. डब्यावर त्या वेळी लाल शून्य जळत होतं.

दादांनी खड्डा साफ करून घेतला होता. पाट झाडला होता, कडेच्या फटीत अडकलेली उसाची वाढी, शेंड्याची पानं, ओढून काढली होती. मी केबल बदलली. स्क्रिप्ट हातानं चालवून बघितली, शून्य आलं. पुन्हा चालवली, शून्य. मग मशीन बंद करून सुरू केलं आणि दोन मिनिटं थांबले. प्रिंटर खरखरला. ५८.४.

हातानं चालवली तर शून्य, मशीन सुरू होताना आपोआप चालली तर अठ्ठावन्न. ओळी त्याच. मी चार वेळा करून बघितलं. चारही वेळा तेच.

वाल्मिक नावाचा एक ट्रॅक्टरवाला खिडकीशी उभा होता. दादांना म्हणाला, "दादा, अठ्ठावन्न किलोची बाई बसवली व्हय काट्यावर? दिसंना ती कुटं." मागचे दोघं हसले. मग त्यांच्यातला एक जण सरळच म्हणाला की आमी तुमच्याकडं येतो ते काटा खरा म्हणून, आता तुमचाबी कारखान्यावानी झाला तर मग डिझेल जाळून हिकडं कशाला यायचं. दादांनी चिठ्ठी तारेत टोचली नाही, खिशात घातली.

मी ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं घातली. आकडा आला. दुकानातला दुसरा कॉम्प्युटर नेऊन लावला. आकडा आला. फक्त तो रोज थोडा कमी होत होता. ५८.१. ५७.७. ५७.६. मी दादांना सांगितलं, रोज चिठ्ठीचा फोटो पाठवत जा, मी बघते काय ते. बघण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, पण असं म्हटलं की गिऱ्हाईक धीर धरतं.

*

तीस डिसेंबरला दुसरं सलाईन. हॉस्पिटलात आधी वजन करतात, कारण औषध वजनावर ठरतं. सविता नावाच्या सिस्टरांनी सुश्रुतला काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि कागदावर लिहिला. त्रेपन्न पूर्णांक नऊ.

मी त्या वेळी फोनमध्ये दादांचा सकाळचा फोटो उघडत होते. वेळ ०७:५८. वजन ५३.९.

मी हसले. दमलेल्या माणसाला अशा गोष्टींचं हसू येतं. सुश्रुतनं विचारलं काय झालं. गिऱ्हाईकाचा काटा बिघडलाय, म्हटलं. "मग आपला नेऊन दे," तो म्हणाला, "माळ्यावर पडून आहे."

पाच दिवसांनी, शनिवारी, मी मुद्दाम काट्यावर गेले. अकराच्या सुमाराला मशीन बंद करून सुरू केलं. ५२.८. मग तिथेच बसून राहिले. दादांनी चहा मागवला. उसाच्या ट्रॉल्या येत होत्या पण बऱ्याच न थांबता पुढे जात होत्या. दीड वाजता पुन्हा मशीन बंद करून सुरू केलं.

५३.१.

मी घरी फोन लावला. सुश्रुतचा आवाज चक्क बरा होता. राहीबाई स्वयंपाकाला येतात, त्यांनी मऊ भात आणि ताक दिलं होतं आणि ते त्यानं सगळं खाल्लं होतं. एक वाटीभर. "सगळी वाटी, नीलू. पुसून. तुझ्या हातचं नसलं की जातं बघ."

मी फोन ठेवला आणि केबिनच्या दारातून पाटाकडे बघितलं. ऊन पडलं होतं. पाटावर एक चिमणी उतरली, दोन उड्या मारून उडून गेली. बाकी काही नव्हतं.

*

यानंतरचे तीन आठवडे मी त्या फोटोंवर काढले.

सात अठ्ठावन्न झाले की फोन हातात. आकडा वाढला की दिवस बरा जायचा, उतरला की सुपात जास्तीचं तूप. दोनशे ग्रॅम म्हणजे काय हे मला आता डोळे मिटून कळत होतं. सुश्रुतला मी यातलं काही सांगितलं नाही. तो शास्त्र शिकवणारा माणूस. त्यानं प्रश्न विचारले असते.

वीस जानेवारीला तिसरं सलाईन झालं. ४७.८. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ आटतेय, औषध लागू पडतंय, चौथं सलाईन दहा फेब्रुवारीला द्यायलाच हवं. पण वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर शरीर ते झेपवणार नाही, मग देता येणार नाही. म्हणजे मला तीन आठवडे आणि दोन किलो आठशे ग्रॅम मिळाले होते.

चोवीस जानेवारी, शुक्रवार : ४६.९.

शनिवारी फोटो आला. मी उघडला नाही. चार दिवसांत नऊशे ग्रॅम गेले होते. पुढचा आकडा माहीत करून घेऊन मी काय करणार होते? सूप तेच होतं, गोळ्या त्याच होत्या. रविवारीही उघडला नाही. मग ते सोपं होत गेलं. फोटो यायचे, यादीत खाली जायचे.

*

एक फेब्रुवारी, शनिवार. आसारामदादा स्वतः दुकानात आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दाढी वाढली होती.

त्यांनी सांगितलं की सोमवारी वजनमाप खात्याचा साहेब येणार, काट्यावर वर्षाचा शिक्का मारायला. तारेत चिठ्ठी नसली तर तो विचारणार, असली आणि तिच्यावर छेचाळीस असलं तर काट्याला सील लावणार. गिऱ्हाईक आधीच निम्मं झालंय. मी म्हटलं, दोन दिवस मशीन सुरूच करू नका, शून्य हातानं लिहा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"हातानं लिव्हलेलं शून्य कोन मानतंय, ताई?"

मग मी त्यांना सांगून टाकलं. का सांगितलं ते माहीत नाही. हॉस्पिटलचा कागद दाखवला, चिठ्ठ्यांचे जुने फोटो दाखवले, भाताची वाटी सांगितली. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मध्ये एकदा म्हणाले की बटन दाबताना एकदा ट्रॉली उभी होती काट्यावर, तर चिठ्ठीत ट्रॉलीचं वजन आलं आणि वर हे. तेव्हाच त्यांना वाटलं होतं की कुणीतरी आहे.

"मास्तर हायेत व्हय," ते म्हणाले. "मग बरं हाय. वजन लागतंय तवर मानूस हाय."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मीच म्हटलं, चला.

आम्ही त्यांच्या गाडीवर काट्यावर गेलो. मी केबिनमध्ये बसले, स्क्रिप्ट उघडली. सकाळची चिठ्ठी टेबलावर होती. ४६.२. म्हणजे चोवीस तारखेपासून आणखी सातशे ग्रॅम गेले होते, आणि दहा तारखेला अजून नऊ दिवस होते. मी मनात हिशोब केला नाही. करायची ताकद नव्हती.

मी एक ओळ घातली. आलेल्या आकड्यातून छेचाळीस पूर्णांक दोन वजा कर, उरेल ते पाचच्या पायरीवर आण. यात फसवणूक काही नव्हती. काट्याचं स्वतःचं वजन असंच वजा केलेलं असतं, आणि पाचची पायरी तर सरकारमान्यच आहे. पाट, त्याचे बोल्ट, त्यावरचा रंग, हे सगळं रोज त्या काट्यावर उभं असतं आणि कुणी ते मोजत नाही. आता सुश्रुतही त्यात गेला. शंभर-दोनशे ग्रॅमचा चढउतार यापुढे चिठ्ठीवर येणार नव्हता. मला ते बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

मशीन बंद करून सुरू केलं. दोन मिनिटं. प्रिंटर.

शून्य.

दादांनी चिठ्ठी तारेत टोचली.

*

सोमवारी शिक्का मिळाला. दादांनी पेढे पाठवले. मी तीन महिन्यांत पहिल्यांदा सलग आठ तास झोपले. मंगळवारी आणि बुधवारीही झोपले. सकाळी फोनकडे हात गेला नाही.

*

सहा फेब्रुवारी, गुरुवार.

सुश्रुत टेबलाशी बसला होता. स्वतः उठून आला होता, अंघोळ करून. मी पोहे केले होते, माझ्यासाठी. त्यानं ताटली आपल्याकडे ओढली आणि खायला लागला.

आठला दोन मिनिटं कमी होती. फोन वाजला.

"ताई," आसारामदादा म्हणाले, "उणे आलंय."

मी विचारलं, किती.

"पंचेचाळीस."

मी ओट्याला टेकले. शून्यातून छेचाळीस पूर्णांक दोन वजा केले की उणे छेचाळीस पूर्णांक दोन. पाचच्या पायरीवर, उणे पंचेचाळीस. म्हणजे वजा करायला काट्यावर काही नव्हतं.

सुश्रुत खात होता. सावकाश, नीट, एकेक घास. शेंगदाणे बाजूला काढत नव्हता. तो नेहमी काढायचा.

"चहात साखर थोडी जास्त घालता का?" तो म्हणाला. "त्रास नसेल तर."

नऊ वर्षांत त्यानं मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

मला वाटलं चेष्टा करतोय. मी वाट बघितली. त्यानं वर बघितलं आणि ओळखीपुरतं हसला, माणूस बँकेत हसतो तसं.

*

मी स्कूटी काढून काट्यावर गेले. दादांनी गाड्या थांबवून ठेवल्या होत्या.

बंद केलं, सुरू केलं. उणे पंचेचाळीस.

पुन्हा. उणे पंचेचाळीस.

मी पाटावर जाऊन उभी राहिले. मधोमध. लोखंड गार होतं. चप्पल काढली, का ते सांगता येणार नाही. दादांना म्हटलं, आता सुरू करा. रांगेतले ट्रॅक्टरवाले बघत होते. वाल्मिकही होता.

माझं वजन एकसष्ट. चिठ्ठीवर आलं पंधरा, म्हणजे पाटावर मी एकटीच होते.

मी केबिनमध्ये आले आणि ती ओळ काढून टाकली. चौदा ओळी होत्या तशा राहिल्या. बंद, सुरू, दोन मिनिटं.

शून्य.

दशांश नाही. दोन वर्षं यायचं तसं.

पुन्हा केलं. शून्य.

दादा दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर?"

"पोहे खातायत," मी म्हटलं.

त्यांनी पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपी काढली आणि हातात धरून राहिले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा त्यांनी हात करून पहिली ट्रॉली चढवली.

*

दहा तारखेला सविता सिस्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. छेचाळीस पूर्णांक एक. चौथं सलाईन गेलं. एप्रिलच्या तपासणीत गाठ दिसली नाही. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की हे औषधाइतकंच तुमचं श्रेय आहे. जूनमध्ये तो कॉलेजात रुजू झाला. वजन आता सत्तावन्न आहे, हॉस्पिटलच्या काट्यावर आणि घरच्याही. माळ्यावरचा काटा त्यानंच खाली काढला. रोज सकाळी त्यावर उभा राहतो, आकडा वाचतो आणि मला सांगतो, म्हणजे मला काळजी नको.

तो कारलं खातो. पलंगावर बसायच्या आधी बसू का विचारतो. पाठीवर सरळ झोपतो आणि उठतो तेव्हा चादर जशीच्या तशी असते. वर्गात चांगला शिकवतो असं मुलं सांगतात, पूर्वीपेक्षा शांतपणे. राहीबाई म्हणतात, आजारानं मानूस लई गुनाचं झालं. एकदा जेवताना त्यानं विचारलं की तुमचं नाव नीलांबरी, हे कुणी ठेवलं? मी सांगितलं, माझ्या आत्यानं. छान आहे, म्हणाला. लग्नाआधी, पहिल्या भेटीत, हाच प्रश्न सुश्रुतनं विचारला होता, आणि आत्याला संगीताची आवड होती का हेही विचारलं होतं. यानं ते विचारलं नाही.

माझी सकाळ आता वेगळी नाही. गोळ्या बंद झाल्या, पण पाच वाजता डोळे उघडतात, पाणी कोमट होतं, पलंगाजवळ मी बादली बघते. ही यादी साफ कशी करायची ते मला माहीत नाही.

दादांचा काटा जोरात चालतो. सात अठ्ठावन्नला चिठ्ठी येते, तारेत टोचली जाते. ते मला अजूनही फोटो पाठवतात, आता गरज नसताना. कधी कधी मी दुपारी तिकडे जाते. ते मला बटन दाबू देतात. प्रिंटर थांबेपर्यंत दोघंही पाटाकडे बघतो.

परवा फोनची जागा भरली म्हणून मी जुने फोटो पुसायला बसले.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी न उघडलेल्या चिठ्ठ्यांवरची वजनं अशी होती : मंगळवार ४५.४, बुधवार ४५.६, गुरुवार ४५.९, शुक्रवार ४६.०. त्यानंतरचा आकडा मला पाठ होता : शनिवार ४६.२.